वळणावर नसलेली बकरी

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही — आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट पोटात ठेवली, म्हणजे ती किती जड असेल बघा. माझा टेम्पो आहे. चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहतो. चहाच्या गाड्यावर माझ्या गप्पा ऐकायला माणसं थांबतात. चिंचोळी एमआयडीसीजवळ माझा टायर फुटला तेव्हा पार पन्नास किलोमीटरवरच्या अक्कलकोटची कुत्री भुंकली, असं मी सांगतो. जॅक सापडेना म्हणून टेम्पो गुडघ्यावर तोलून चाक बदललं, असंही सांगतो. "बास करा की मालक, चहा नासंल," म्हणतात. कुणी काही खरं मानत नाही. बरोबरच आहे.

मग ती एकच गोष्ट — तीच तेवढी सगळ्यांनी खरी कशी मानली? राग येतो मला. अजून येतो.

माझी बायको मंगल. तिला चिंचोळीतल्या एका कारखान्यात शिलाईवर देखरेखीचं काम मिळालं होतं. जायला तिच्या भावानं, शिवानंदनं, आपली जुनी स्कूटी दिलेली. चालवायची कशी म्हणाल तर — माझ्यापेक्षा बरी. एवढं कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

आणि टायर. टेम्पोचा गुळगुळीत झालेला टायर मी घरात आणून टाकला होता, दारामागच्या बोळात. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर ठेवायचा — आमच्याकडं सगळेच ठेवतात. पण चढवायचा कोण? मीच. म्हणजे कुणीच नाही. "अहो, कुणीतरी पडंल की," मंगल रोज म्हणायची. मी रोज म्हणायचो, उद्या.

सुट्टीच्या दुपारी ती अंगणातून वाळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन आत आली. सोलापूरचं ऊन — बाहेरून आत आलं की क्षणभर काही दिसत नाही. टायरला अडखळून आडवी झाली. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून तिला घरी आणलं आणि मी टायर पत्र्यावर चढवला. त्याच संध्याकाळी! मग चहाला गेलो. "वहिनींच्या हाताला काय झालं?" कुणीतरी विचारलं. काय सांगायचं होतं? माझ्या आळसानं बायकोचा हात मोडला — एवढंच ना? मी म्हणालो, गाडीवरनं पडली. मग मला थांबवेना. वळण घातलं. वळणावर बकरी घातली. बकरीमागं पाण्याचा टँकर घातला. माणसं पोट धरून हसली.

आणि कुणीही म्हणालं नाही, बास करा! बाई गाडीवरून पडली म्हटल्यावर कुणाला खातरजमाच नको? अख्खा टँकर पचवला त्यांनी.

ही बातमी शिवानंदपर्यंत गेली. तो आला. "अक्का, गाडी मी नेतो. हातावर निभावलं, पुढं काय झालं तर?"

"आरं, मी घरात पडले," मंगल म्हणाली. "हितं, दारात. टायर होता."

कुठं होता टायर? बोळ मोकळा. तो हसला. "पडल्याली माणसं असंच म्हणत्यात. दाजींची गोष्ट गावभर झालीया."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. एक 'व्हय' म्हणायचं होतं मला — फक्त एक. मी म्हणालो, "बस की शिवानंद, जेवून जा."

गाडी गेली. बसनं वेळ जुळेना, काम गेलं. मनगटही जरा वाकडंच जुळलं.

तेव्हापासून गाड्यावर एक खेळ सुरू झाला. कुठलीही बाई गाडीवरून आली की कुणीतरी ओरडतं, "वहिनी आल्या, सरका!" संताप होतो माझा. ह्याच खड्ड्यांतून बायका पोरांना शाळेत सोडतात, कामावर जातात, आणि हे फुकटे बाकड्यावर बसून दात काढतात. लाज कशी वाटत नाही?

परवा मंगल भाजी घेऊन समोरून चालत येत होती. तेवढ्यात एक मुलगी स्कूटीवरून गेली. "वहिनी आल्या, सरका!" सगळे हसले. मग त्यांना मंगल दिसली आणि त्यांनी माना चहाच्या कपात घातल्या. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं गेली.

ओरडलो होतो मी.