नकलेतला एकशे सतरा

आमच्या घरात बापाच्या वेळेपासून देव्हारा नाही, अन् भूतबाधा काढणाऱ्याले मी दारातूनच वापस लावतो. शाळा दुसरीपर्यंत, पण डोकं ठिकाणावर आहे. सून टाइप करून राह्यली, शब्द माहे आहेत.

वणीजवळच्या कोळसा खाणीत मी लॅम्प रूमवर होतो. खाली जाणारा आपला पितळी बिल्ला माह्याजवळ ठेवून टोपीचा दिवा नेणार. वर आला की दिवा देऊन बिल्ला घेणार. बिल्ला खुंटीवर म्हणजे माणूस खाली. मंग कॉम्प्युटर आला. मी सांगणार, शीला मॅडम नोंद करणार, अन् पाळी सुटल्यावर तारेतून त्याची नक्कल मोठ्या ऑफिसात पाठवणार. नक्कल जाईपर्यंत कीबोर्डाले हात नाही—अर्धवट लिहिलेलं जाते म्हणे. मंग फोन करून दोन्हीकडचं जुळवायचं.

कापूस बुडाल्याचं वर्ष होतं ते. नामदेव वावर पडीत टाकून खाणीत लागलता. बिल्ला एकशे सतरा.

त्या दिवशी दुपारी चारला, पाळी सुटल्यावर, त्याच्याच पाळीतला देवराव दोन दिवे घेऊन आला.

"नामदेवचा विझला काका, मागूनच येऊन राह्यला. त्याचाही बिल्ला द्या."

"ज्याचा दिवा त्याच्याच हातून."

"काहून, माह्यावर भरोसा नाही?"

देल्ला. मॅडमले सांगितलं—सारे वर आले.

नक्कल गेली. फोनवर तिकडचा म्हणे, "एकशे सतरा खाली दिसते."

मॅडमनं पुन्हा पाठवली. तेच. तिसऱ्यांदा... तेच.

मॅडम म्हणे, "काका, तार बिघडली तर दरखेपी येगळंच बिघडन ना? अन् इथं तर तो वर आहे..."

सायकल स्टँडवर धावलो. नामदेवची सायकल तशीच उभी. उभ्या जन्मात कोणापुढं मान खाली घातली नव्हती मी... वापस आलो.

"मॅडम, भोंगा वाजवा. चूक माही आहे."

माणसं परत खाली उतरली. छताचा तुकडा नामदेवच्या पायावर पडलेला, अंधारात ओरडून आवाज बसलेला—पण जिता सापडला. पाय वाकडा राह्यला.

मंग साहेबानं दोन्ही फायली उघडल्या. आमच्यात वर, नकलेत खाली. मॅडम म्हणे, असं होऊच शकत नाही. इथं जे लिहिलं तेच तिकडं जाते. अन् इथं तर मी खोटं लिहवलं होतं... खरं कसं पोचलं, मले आजवर समजलं नाही. मानत मी अजूनही नाही.

नामदेव भेटला की वाकून पाया पडते. मी पाय मागं घेतो.