लोटू मिस्त्रीचा कॉम्प्युटर

सुरतेच्या लिंबायतमध्ये लोटू मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस म्हणजे काल-परवाच गाडीतून उतरलेला. बमरोलीच्या ज्या कारखान्यात तो होता तिथे अठ्ठेचाळीस माग होते, आणि त्यातला कुठला कधी रुसणार हे लोटूला नुसत्या आवाजावरून आदल्या दिवशीच कळायचं. असा हा माणूस अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीनंतर एक जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी घेऊन आला. गल्लीला वाटलं, मिस्त्रीचं डोकं फिरलं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, घरात दुसरं माणूस नाही, आणि हे धूड कशाला?

कशाला म्हणजे? हर्षदासाठी. हर्षदा त्याची एकुलती एक मुलगी. जळगावला मामाकडे राहून कॉम्प्युटरचंच शिकत होती. तीन वर्षांपूर्वी तिची आई, भागीरथी, काविळीनं गेली, आणि तेव्हापासून पोरगी सुरतेला म्हणून आली नव्हती. दिवाळी जवळ आली की फोनवर ठरलेलं उत्तर: "आबा, कॉलेजचं काम आहे. कॉम्प्युटरवर करावं लागतं. तिकडे कुठे मिळणार?" लोटूनं हे दोन दिवाळ्या ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं, एवढंच अडलंय ना? मग आणू की कॉम्प्युटर! यंत्राला आजवर भ्यालो नाही, या डबड्याला काय भिणार? जवळच्या पर्वत पाटिया भागात कापडाच्या एका दलालाच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले होते. त्यांचा जुना यानं उचलला. कुठे दाबलं की काय उघडतं हे तिथल्या कारकुनानं एका कागदावर मराठीत लिहून दिलं.

आणि तो कॉम्प्युटर, काय सांगावं, निव्वळ डोक्याला ताप! चालू केला की आधी बराच वेळ इंग्रजीत काहीतरी तपासत बसायचा. तोवर लोटूचा चहा उकळून पिऊनही व्हायचा. मग चित्र यायचं, तर बाण हलायचा नाही. बाण हलला, तर कारकुनाच्या कागदावरची दुसरी ओळ गाठेपर्यंत सगळं गोठायचं, नाहीतर पडदा निळा पडायचा. हर्षदा आली आणि तिच्यासमोर हे असं झालं तर? दुसऱ्या दिवशी परत जळगावची गाडी धरेल!

त्यानं आपल्या परीनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आत धुळीची गादीच्या गादी. ब्रशनं ती साफ केली. आतला पंखा कुरकुरत होता, त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला. कान लावून ऐकलं. आवाज अगदी बरोबर! पण यंत्र पहिल्यापेक्षा जास्तच बिघडलेलं. अठ्ठेचाळीस माग ज्याच्या मुठीत, त्याला एक खोकं दाद देईना. रोज संध्याकाळी पाळीवरून आला की खिचडीचा कुकर चढवायचा आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसायचं. "चाल ना रे बाबा," असं तो त्याला म्हणायचा. खरं तर त्या खोलीत तीन वर्षांत त्यानं कुणाशी एवढं बोलणं केलं नव्हतं. शेजारची वत्सला एकदा भाजी द्यायला आली आणि हे बोलणं ऐकून दारातच वाटी ठेवून गेली.

शेवटी त्यानं हात टेकले. पर्वत पाटियालाच वंदनाताई नावाच्या एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या, मूळच्या नाशिककडच्या. त्यांच्या दाराशी लोटू दोन आठवडे चकरा मारत राहिला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या त्याच्या खोलीवर आल्या. अर्धा तास त्यांनी खटाखट काहीबाही दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, जरा बंद करून दाखवा."

लोटूचा हात भिंतीवरच्या खटक्याकडे गेला. खट्. पडदा काळा.

"अहो, हे काय!" वंदनाताई जवळजवळ ओरडल्याच. "रोज असाच बंद करता?"

"मग कसा करायचा?" लोटूला खरंच कळेना. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. धागा तुटला, धोटा अडकला, काहीही झालं तरी आधी वीज बंद, मग यंत्राला हात. हा नियम न पाळणाऱ्या राघो नावाच्या एका कामगाराची दोन बोटं गेलेली लोटूनं डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे कॉम्प्युटर जरा अडला की खटका, काम संपलं की खटका, दिवसातून पाच-सहा वेळा. कारकुनाच्या कागदावर सगळं होतं, बंद करायचं कसं तेवढं राहिलं होतं.

"याला आधी सांगावं लागतं, काका," वंदनाताई आता हसत होत्या. "तुम्ही सांगितलं की तो हातातलं सगळं जागेवर ठेवतो, आवरतो. मग पडद्यावर नारिंगी अक्षरं येतात की आता बंद करा. तुम्ही मध्येच वीज काढली की जे आहे ते तिथंच सांडतं. तुमच्या यंत्रात नुसता सांडलेला ढीग आहे. थोडा जुनाही आहे म्हणा, पण निम्मं काम तुमच्या खटक्यानंच केलंय."

लोटू ओशाळला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, आणि इथे बिघाड म्हणजे आपणच! वंदनाताईंनी सगळं पुसून नव्यानं घातलं, आणि जाण्याआधी त्याच्याकडून दहा वेळा बंद करवून घेतला. दहाव्यांदा नारिंगी अक्षरं आली तेव्हा लोटूला इतका आनंद झाला की त्यानं मागे वळून कुणाला तरी दाखवायला तोंड उघडलं. वंदनाताई पायऱ्या उतरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं एसटीडी बूथमधून जळगावला फोन लावला.

"हर्षू, कॉम्प्युटर घेतला मी! एकदम पळतोय बघ. आता दिवाळीला ये, तुझं काम इथंच कर."

पलीकडून हर्षदा म्हणाली, "कॉम्प्युटर घेतला तुम्ही, आबा?"

"मग? तूच म्हणायचीस ना."

"ते मी असंच म्हणायचे. दिवाळीत कॉलेजचं काही काम नसतं. मला यायचंच नव्हतं."

लोटूनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "का गं?"

"का म्हणजे? तेरावं झालं त्याच संध्याकाळी तुम्ही आईची लुगडी वाटून टाकलीत. तिची पेटी, चपला, तिचा तवासुद्धा. आणि चौदाव्या दिवशी मला मामाबरोबर गाडीत बसवलंत. एक लुगडं ठेवू का, तुला जायचंय का, काही विचारलंत मला? त्या घरात माझ्या आईचं काय आहे, की मी येऊ?"

लोटूला सांगायचं होतं. बारा तासांची पाळी, सोळा वर्षांची पोर खोलीत एकटी कशी ठेवायची? आणि भागीरथीचं लुगडं दोरीवर दिसलं असतं तर हा कामावर उभा राहू शकला नसता. लोक म्हणाले होते, लोटूभाऊ भारी खंबीर. खंबीर कसला डोंबल्याचा! मनातून घाबरला होता, म्हणून घाई केली होती. हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं.

"नाही विचारलं, बेटा," एवढंच तो म्हणाला. "चुकलं माझं."

आणि पलीकडे हर्षदा रडायला लागली. तेराव्यालासुद्धा ती रडली नव्हती, पाहुण्यांना चहा देत फिरत होती. बूथवाल्यानं काचेवर टकटक केली, बाहेर दोन माणसं थांबली होती. लोटूनं त्यांच्याकडे पाठ केली.

"मी येऊ का तिकडे?" त्यानं विचारलं. "दिवाळीला?"

इतका वेळ ती कॉलेजातलं शुद्ध बोलत होती, आता बोलली ते घरच्या बोलीत, थेट भागीरथीसारखं.

"आते नको, आबा. माले थोडा येळ दे. मी सांगसू."

लोटूच्या मनात आलं, म्हणावं, अगं, सणाचे दोन दिवस तर आहेत. मनात आलं, उद्याच गाडीत बसावं आणि सरळ तिच्या दारात जाऊन उभं राहावं.

"बरं," तो म्हणाला. "तू सांगशी तवय येसू."