सुयशचं कॉलेज

नागपूरहून श्रीकांतकाकांचा फोन आला तेव्हा मी सुप्रभाताईंच्या लंडनमधल्या, हाउन्सलोच्या घरी चहा पीत होते. हे ताईंच्या नवऱ्याचे, शशिधरचे, थोरले काका. सुयश आता कॉलेजात जाणार एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. फोन स्पीकरवर होता.

"काय रे सुयश, सायन्स की कॉमर्स?"

"कॉमर्स," सुयश म्हणाला.

"शाब्बास!"

ताईंनी फोन बंद केला आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. सुयश एकोणीस वर्षांचा. त्याला काही विचारलं की प्रश्नातला शेवटचा शब्द तो परत देई. चहा की दूध? दूध. दूध की चहा? चहा. ताईंनी त्यावर केव्हाच तोडगा काढला होता. जे आधीच करून ठेवलंय, ते शेवटी म्हणायचं. "विचारल्याचं समाधान मला, आणि मागितलं ते मिळाल्याचं त्याला," त्या म्हणत.

अशा मुलांची शाळा एकोणिसाव्या वर्षी संपते. पुढे कॉलेज. दाढी करायला, भाजी चिरायला, बस पकडायला शिकवणारं कॉलेज इथे असतं, हे नागपूरला कोण समजावणार? २००६च्या त्या वसंतात ताई एअरपोर्टवरच्या दुकानातली शिफ्ट बदलून घ्यायच्या आणि आम्ही तिघं माझ्या गाडीतून कॉलेजं बघत हिंडायचो. शशिधर येत नसे. "तू बघून ठरव. मला नाही बघवत," एवढं बोलून तो कामावर जाई. मला त्याचा संताप यायचा. ताईंना येत नसे.

तीन कॉलेजं पाहिली. माहितीपत्रकं ताईंनी माझ्या हातात दिली आणि स्वतः थेट संडास बघितले, जेवणाची खोली बघितली, मुलाने घास खाली टाकला की तिथली बाई काय करते ते बघितलं. घराजवळचं कॉलेज चकचकीत होतं, पण दुपारी मुलं नुसती लिफ्टची दारं उघडताना-मिटताना बघत बसलेली. वेम्बलीकडच्या कॉलेजात स्वयंपाकघर झकास, पण इतका गोंगाट की सुयश कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरला. तिसरं वेल्समध्ये, समुद्राकाठी. तिथेच राहायचं, सुट्टीत घरी यायचं. तिथे कोंबड्या होत्या. एका बाईने सुयशच्या तळव्यावर गरम अंडं ठेवलं. हातातली प्रत्येक वस्तू आपटणारा हा पोरगा ते अंडं धरून टोपलीपर्यंत चालत गेला.

परतताना ताई म्हणाल्या, "आम्ही तरी किती वर्षं पुरणार?" आणि मग, "पण तिथे रात्री त्याला माझी आठवण आली, तर ते कुणाला कळेल?"

जूनमध्ये शाळेत मीटिंग झाली, ताईंबरोबर मीही गेले. नव्या सल्लागार बाई होत्या, हिलरी नावाच्या, गोड बोलणाऱ्या. इंग्रज माणूस तुम्हाला मदत देईल न देईल, चॉइस मात्र देणारच. निर्णय सुयशचा, त्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. कॉलेजांचे फोटो पुढे ठेवले. सुयश त्यांच्या कडा जुळवत बसला.

"तुमच्या भाषेत विचारून बघा," हिलरी म्हणाल्या. "त्याला सोपं जाईल."

ताई मुलाकडे वळल्या. "सुयश, कुठे जायचंय रे तुला?"

"तुला."

"टूला? दॅट्स द वेल्स वन?" हिलरींनी उत्साहाने पेन उचललं.

मी ताईंच्या कानाशी लागले. "सांगून टाका ना खरं काय ते."

"सांगून काय होणार? त्याला ठरवता येत नाही म्हटलं की हे लोकच ठरवतील. सगळ्यात जवळचं देतील आणि मोकळे होतील."

त्यांनी सुयशचा हात हातात घेतला. मला वाटलं, नेहमीसारखं पटकन विचारतील. पण त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी आधी काहीच करून ठेवलेलं नव्हतं. हिलरी कौतुकाने बघत होत्या. आई आपल्या मुलाला वेळ देतेय, असं त्यांना वाटत असावं.

"सुयश," ताई म्हणाल्या, "घरी राहायचं, की... की समुद्राकडे जायचं?"

"जायचं."

"जायचं म्हणतोय," ताईंनी इंग्रजीत सांगितलं. त्यांचा आवाज स्वच्छ होता. हिलरींनी टाळ्या वाजवल्या. सुयशनेही वाजवल्या.

गाडीने घरी निघालो. मला शांतता सोसत नाही, तोंड बंद ठेवणं मला कधी जमलेलंच नाही. सिग्नलला गाडी थांबली तशी धीर द्यावा म्हणून मी मागे वळून म्हणाले, "सुयश, आईने बरोबर केलं ना?"

"केलं ना," तो म्हणाला.

"त्याला नका हो विचारू," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. बरोबर केलं का मी?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तशी मी गाडी पुढे काढली.