संताजींच्या शेजारचं पान

जुनी इंदूरमधल्या शिलेदार गल्लीत कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी एक गोष्ट सांगता येई: महिदपूरच्या लढाईत गल्लीतल्या प्रत्येक घरचा एक पुरुष इंग्रजांच्या तोफांपुढे पडला. म्हणून पितृपंधरवड्यात घातचतुर्दशीला, म्हणजे हत्यारानं मेलेल्यांच्या तिथीला, सगळ्या गल्लीत एकदमच वडे तळले जात. आधी कुणाच्या छपरावर बसावं हे कावळ्यांनाही कळत नसे.

वेगळं होतं ते एकच घर, भानुमतीबाईंचं. त्यांच्या यजमानांचे पणजोबा संताजी लढाईतून जिवंत परत आले आणि पुढं चांगले म्हातारे होऊन खाटेवर गेले. त्यांचं श्राद्ध षष्ठीला. गल्ली या घराला ‘छठवाले’ म्हणे, अर्थात पाठीमागं. पण चतुर्दशीला वड्याचं पीठ बिघडलं की हीच गल्ली भानुकाकींच्या दारात उभी, आणि काकीही पदर खोचून निघत. माणसं वाईट नव्हती हो. त्यांना आपल्या मेलेल्यांचा अभिमान होता, आणि आता त्यांच्यापाशी दुसरं उरलं तरी काय होतं? होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं, फौज मोडली. काल रिसाल्यात घोडा फिरवणारे जयसिंगराव आज मोटार खात्यात पावत्या फाडत होते.

त्या जयसिंगरावांनीच काढलं, की गल्लीच्या तोंडाशी महिदपूरच्या वीरांची शिळा बसवायची. नावं कोरायची. नाहीतर पुढच्या पोरांना कळणार कसं, आपण कोण ते?

काकींचा मुलगा शाम गिरणीत बाबू होता. लहानपणी गल्लीतल्या लढाईच्या खेळात त्याला दरवेळी इंग्रज व्हावं लागे. ते दुखणं चाळिशीतही गेलं नव्हतं. संताजींचं नाव शिळेवर यावं म्हणून तो जयसिंगरावांच्या मागं लागला. शेवटी गणपतीच्या दिवसांत जयसिंगराव स्वतःच काकींच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

“काकीसाहेब, बस एक काम करा. ह्या सालपासून संताजींचं श्राद्ध चौदसला करा. कौन पूछता है? मी नाव कोरवून घेतो.”

“आई, हो म्हण ना,” शाम दारातून म्हणाला.

काकींनी चुलीवरचं दूध उतरवलं. “आणि ते पळून आले, त्याचं काय?”

“जाने दो ना, काकीसाहेब. इतकी वर्षं झाली. गल्लीनं माफ केलं.”

माफ केलं! काकींच्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात सासूनं सुनेला दागिन्यांबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती. संताजी एकटे पळाले नव्हते. जयसिंगरावांचे पूर्वज कृष्णराव, शिळेवरचं पहिलं नाव, तेही बरोबर होते. गौतमपुऱ्यापर्यंत दोघं चालत आले आणि देपालपूरच्या अलीकडं कृष्णराव हगवणीनं गेले, संताजींच्या मांडीवर. मरताना एवढंच म्हणाले, “घरी सांग, तोफेपुढं पडला.” संताजींनी तसंच सांगितलं, आणि पळपुटेपणाचा सगळा बोल स्वतःवर घेतला. फक्त सुनेला सांगून ठेवलं, “माझ्या श्राद्धाला माझ्याशेजारी त्याचंही पान मांडा. नाव घेऊ नका.” तेव्हापासून या घरी षष्ठीला दोन पानं मांडली जात.

सगळं ओठांवर आलं होतं. एक वाक्य, की शिळा आडवी. पण समोर बसलेल्या जयसिंगच्या कोटाची कोपरं विरली होती, आणि छातीवर मात्र रिसाल्याचा जुना बिल्ला चकाकत होता. काकींना एकदम माया दाटून आली. याच्याजवळचं एवढंही काढून घ्यायचं?

“जयसिंग, तुझे कृष्णराव तोफेपुढं पडले, हे गल्लीत कुणी सांगितलं रे?”

“म्हणजे? सबको मालूम है.”

“सगळे तर तिथंच पडले ना? मग बातमी कुणी आणली?”

काकींनी दुधावर झाकण ठेवलं.

“माझ्या संताजींनी आणली. ते परत आले नसते तर तुमची आजही वाटच बघणं चाललं असतं. तिथी मी बदलणार नाही. लिहायचं तर खरं लिहा, नाही तर राहू दे.”

जयसिंगराव चहा न घेताच गेले. शाम दोन दिवस आईशी धड बोलला नाही.

षष्ठीला पानं मांडून झाली आणि दारात जयसिंगराव उभे. चतुर्दशीवाला माणूस षष्ठीला या घरी आजवर आला नव्हता. म्हणाले, “कोरलं, काकीसाहेब. सगळ्यांच्या खाली. संताजी, ज्यांनी घरोघरी बातमी पोचवली.”

शामनं तोंड फिरवून डोळे पुसले. काकी म्हणाल्या, “ये. जेवूनच जा.”

आत येताना जयसिंगरावांची नजर त्या दोन पानांवर पडली. “हे दुसरं कुणाचं?”

“संताजींच्या जोडीदाराचं. वाटेत गेला बिचारा, देपालपूरजवळ.”

“नाव?”

“नाव घ्यायचं नाही, असं वचन आहे.”

जयसिंगरावांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात घातला, हात धुतले, काकींच्या हातातलं खिरीचं भांडं घेतलं आणि त्या पानावर स्वतः खीर वाढली.