उलटा अंथरलेला गालिचा

तुदाने आयुष्यात किती गालिचे विणले, हे तिलाही सांगता यायचं नाही. विणायचे, बाजारात पाठवायचे, पुन्हा माग मांडायचा. गेलेल्या गालिच्यासाठी ती कधी झुरली नाही. एकच तिने विकायला काढला नव्हता. तो तिच्या बिछान्यात अगदी तळाशी, लोकर खाली नि पाठ वर, असा उलटा अंथरलेला होता.

तो तिच्या लेकीने, यझ्झाने, मांडलेला. पोरीचा हात कच्चा, गाठी वाकड्यातिकड्या. तुदा चिडवायची, "तुझी नक्षी बघून मेंढ्या हसतील गं!" अर्धा विणून झाला आणि यझ्झा तापाने फणफणली. पुन्हा उठलीच नाही. मागावर अर्धवट गालिचा सोडायचा नाही, ही आमच्या डोंगरातली रीत. उरलेला तुदाने रडत रडत पुरा केला. गालिचा मागावरून कापला की त्याचा जीव गेला असं आम्ही मानतो. त्या वेळी पुरुषांनी घरात थांबायचं नसतं, म्हणून तिचा नवरा बासू मेंढ्यांकडे निघून गेला. तुदाने सुरीने दोरे कापले, पाणी शिंपडलं, मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते म्हटलं, आणि गालिचा थेट बिछान्यात घातला. त्याची सुलटी बाजू बासूने पुन्हा कधी पाहिलीच नाही.

परवा अझ्रू गावच्या बाजारातला व्यापारी झायद एका परदेशी बाईला घेऊन आला. बाई स्वभावाने चांगली, पण एकही गालिचा तिच्या पसंतीस उतरेना. हात फिरवायची, उलटून बघायची, मान हलवायची.

"बासूकाका, बाईंना विकण्यासाठी विणलेला नकोय," झायद म्हणाला. "अस्सल हवाय. घरातला, वापरातला."

"मग घरात बघ की! पाहुण्यांचंच घर आहे," बासू ऐटीत म्हणाला.

तुदा मागे भट्टीवर भाकरी भाजत होती. चहा आणि पहिल्या भाकरी आधीच बाहेर गेल्या होत्या. उरलेल्या घेऊन ती अंगणात आली, तर यझ्झाचा गालिचा उन्हात सुलटा पसरलेला. वाकड्या गाठी जिथे संपून सरळ सुरू होतात, तिथे बाई गुडघे टेकून बोट फिरवत होती. तुदा बासूकडे वळली.

"अरे, हा कुठून काढलास?"

"बिछान्यातून. जुनाच आहे ना? देतो म्हणालो मी. तू काय, नवा विणशील."

"बासू, हा यझ्झाचा आहे."

बासू खाली वाकला. त्या गाठी पाहिल्या आणि त्याचा चेहराच उतरला. पण शब्द तोंडातून गेलेला, पाहुणीने घरची भाकरी मोडलेली. अशा वेळी आमच्याकडचा पुरुष जीभ कापून देईल, पण शब्द मागे घेणार नाही. आग लागो त्या शब्दाला!

"झायद, बाबा, तूच सांग तिला," तुदा गयावया करू लागली. "लेक अर्ध्यावर गेली, पुढचा मी पुरा केला. देता यायचा नाही."

सौदा हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणून झायदने एवढंच सांगितलं, की हा मायलेकींनी मिळून विणलाय. बाईचे डोळे भरून आले. तिने तुदाचे दोन्ही हात धरले. तुदाला वाटलं, कळलं हिला. बाईमाणूस आहे, कळणारच. तुदा खाली बसून गालिच्याची घडी घालू लागली, आत न्यायला. तेवढ्यात झायद दोरी घेऊन आला.

"दोरी कशाला रे?"

"मावशी, ती म्हणते, हाच हवा. आता तर हाच."

"मग वरचा भाग ने म्हणावं! खालचा, लेकीच्या हातचा, मी कापून घेते." तुदा आत धावली, तीच सुरी घेऊन आली. बाई घाबरली, गालिच्यावर आडवे हात पसरून बसली. "कापू नका म्हणते," झायद म्हणाला. "तो जोड दिसतोय, म्हणूनच तर अस्सल." तुदाने बासूकडे पाहिलं. बासू जमिनीकडे पाहत होता.

सुरी हातातच राहिली. गालिचा बांधला गेला, गाडीवर चढला. निघता निघता बाईने कॅमेरा काढला, हसून काहीतरी विचारलं. मुलीलाही बोलवा ना, दोघींचा एकत्र फोटो घेते, असं ती म्हणत होती.

"काय म्हणते?" तुदाने विचारलं.

झायदने मान वळवली. "काही नाही, मावशी. चहा छान झालाय म्हणते."

तुदाने सुरी खाली ठेवली आणि पाहुणीचा पेला पुन्हा भरला.