भाडोत्री झालेले घरमालक

आमच्या घरमालकांइतका अस्सल मालक मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. डोंबिवलीच्या कडेला, खाडीच्या अंगाला त्यांची चाळ होती आणि नव्वदच्या सुमारास तिथल्या दोन खोल्यांत आमचा संसार चालला होता. ते मूळचे तिथलेच, आगरी. आजोबांची मिठागरं गेली, वडिलांची भातशेती गेली, त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. जे काही हातात उरलं त्या सगळ्यावर त्यांनी नाव घालून ठेवलं होतं. भांड्यांवर नाव कोण घालत नाही? पण यांचं नाव शिडीवर होतं, कोयत्याच्या मुठीवर होतं, विहिरीच्या पोहऱ्यावर होतं. माझ्या बायकोनं एकदा त्यांच्याकडून पाट आणला, तर जेवणारा त्यांच्या नावावरच बसत होता. मी थट्टा केली, तर ते गंभीरपणे म्हणाले, "वस्तू बोलत नाय भाऊ. तिला इचारलं, तू कोनाची, तर ती सांगल क?" दुसऱ्याची वस्तू मात्र ते कधी घेत नसत. आमचा वर्तमानपत्राचा अंक वाचून झाला की मी पुढे करायचो, तर तो उष्टा आहे म्हणून परत यायचा.

अशा माणसाच्या ओटीवर एक दिवस कॉम्प्युटर आला, तो त्यांच्या आईसाठी. म्हातारी धवलारीण होती, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधी लावणारी, धवले गाणारी बाई. हळदीपासून वरातीपर्यंतची सगळी गाणी तिच्या गळ्यात होती, आणि गळा आता थकला होता. ती गेली की गाणी जातील, या धास्तीनं घरमालकांची झोप उडाली होती. सून पदवीधर, कॉम्प्युटरचा क्लास केलेली. आजीनं गायचं आणि सुनेनं टाइप करायचं, असं ठरलं.

मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम त्यांनी ठाण्याहून पेटीबंद आणला आणि पेटीतला इंग्रजी कागद माझ्याकडून वाचून घेतला. तो कागद जगात आजवर कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही, पण यांनी तो शब्दन् शब्द समजावून मागितला. मी सांगितलं, "यात म्हटलंय की प्रोग्रॅम तुम्हाला विकलेला नाही. वापरायची परवानगी दिली आहे. मालकी त्यांचीच." घरमालकांचा चेहरा उतरला. "म्हंजे मी भाडोत्री?" मला हसू आवरेना. चाळीतले सगळे भाडेकरू त्या दिवशी त्यांना बघायला येऊन गेले.

तसेच ते मला घेऊन ठाण्याच्या दुकानात गेले आणि प्रोग्रॅम ओनरशिपनं द्या म्हणून हटून बसले. दुकानदार वैतागला. "काका, कशाला टेन्शन घेता? पेटी परत करा, मी फ्लॉपीवर कॉपी मारून देतो. फुकट. अख्खं ठाणं तेच वापरतं!" घरमालक उठून उभे राहिले. "भाडोत्री ऱ्हाईन," ते म्हणाले, "पन चोर नाय व्हनार." आणि पेटी काखेत मारून परत आले. त्यांचं मला तेव्हा हसू आलं होतं. आज नाही येत.

मग वर्षभर दुपारची गाणी चालली. म्हातारी भिंतीला टेकून गायची, सून बटणं बडवायची, आणि घरमालक शेजारी पहाऱ्याला. प्रोग्रॅम परका असला तरी गाणी आपली, तेव्हा नियमही आपला: गाणी घराबाहेर न्यायची नाहीत, कागदावरही काढायची नाहीत. आजूबाजूच्या गावांतल्या बाया कागद मागायला येत, त्यांना चहा मिळे, कागद मिळत नसे. म्हातारीला हे पटत नव्हतं. "अरं, गानी क तुज्या बापाची जमीन हाय?" असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. घरमालक ऐकून न ऐकल्यासारखं करत. ज्याची जमीन गेली आहे, त्याला ही थट्टा सोसत नाही, हे मला उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात म्हातारी गेली. दिवस झाले आणि एका सकाळी भांड्यांवर नावं घालणारा हाळी देत गल्लीत आला. घरमालकांनी त्याला ओटीवर बोलावलं. कॉम्प्युटरच्या डब्यावर आईचं नाव घालायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःचं सोडून दुसरं नाव घालत होते. पडद्यावर आईच्या गाण्यांच्या ओळी सरकत असताना नाव पडावं, अशी त्यांची इच्छा, म्हणून मशीन मुद्दाम चालू ठेवलं होतं. त्या गृहस्थानं छिन्नी टेकवली आणि पत्र्यावर हातोडीचे ठोके घातले. नाव सुरेख उमटलं. पडद्यावरच्या ओळी मात्र जागीच थांबल्या, आणि मग पडदा काळा झाला. ठाण्याच्या मेकॅनिकनं आतली, गाणी साठवलेली डिस्क पाहून ती कायमची गेली म्हणून सांगितलं. आमच्या घरमालकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकेका वस्तूवर हक्क सांगत जन्म काढला आणि सगळ्यात मोलाची वस्तू नाव घालतानाच गेली. ते जेवेनात, भाडं मागेनात. आम्हा भाडेकरूंना त्या न मागण्याचीच भीती वाटू लागली.

शेवटी सून माझ्या बायकोपाशी रडली. तिनं सासऱ्यांना चोरून फ्लॉपीवर गाणी उतरवली होती आणि बहिणीच्या लग्नासाठी माहेरी, शहाडला पाठवली होती. सांगायचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं आणि ते म्हणाले, "बेस केलंस गो सूनबाय."

व्याह्यांकडे मागायला जायचं म्हणजे मुलाच्या बापाला केवढं जड! पण ते गेले, मलाही नेलं. जाताना कोऱ्या फ्लॉपींची नवी पेटी घेतली होती, फुकट कॉपी नको म्हणून. व्याही म्हणाले, "तुमचीच गानी, इचारता कशाला?" योगायोगानं शेजारी हळद होती. मांडवात बाया झेरॉक्सचे कागद हातात धरून तेच धवले गात होत्या. शब्द अगदी म्हातारीचे. चाल मात्र कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याची, कारण फ्लॉपीवर चाल गेलीच नव्हती.

घरमालकांनी मान खाली घालून एक गाणं ऐकलं. मग उठले, बायांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्या घोगऱ्या, भाडं मागायच्या आवाजात गाऊ लागले. बाया आधी हसल्या, मग कागद खाली करून ऐकू लागल्या. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि ते अडकले. कागद समोर होता, शब्द दिसत होते, पण पुढची चाल त्यांना येईना. ओठ नुसते हलत राहिले.

"एवरीच चाल हाय माज्यापाशी," ते म्हणाले. "घ्या."

बायांनी त्या दोन ओळींची चाल उचलली आणि सगळं गाणं त्याच चालीवर पुढे नेलं. घरमालक मांडवाच्या खांबाला धरून ऐकत होते, आणि डोळे पुसायचं त्यांना भान नव्हतं.