म्हैसमाळच्या चढावर धाप लागणारी आमची डिझेल गाडी

आम्ही म्हैसमाळला गेलो ते निसर्गप्रेमापोटी नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलो ते नवऱ्याशी लागलेल्या पैजेपायी. आमची डिझेल गाडी सोळा वर्षांची आहे. मी चालवायला शिकले तिच्यावर आणि माझं ऑफिस, भाजी, माहेर सगळं तिच्याच जिवावर. पण दोन महिन्यांपासून चढ दिसला की बाई दम टाकायच्या. दीपकनं, म्हणजे नवऱ्यानं, गिऱ्हाईक गाठलं आणि रविवारी संध्याकाळी ते गाडी न्यायला येणार असं ठरवूनही टाकलं. मी म्हणाले, सकाळी म्हैसमाळ चढून दाखवते, चढली तर विकायची नाही. तो म्हणाला, "चढव. ढकलायला मी हायच."

आजाराचा इतिहास थोडक्यात असा. शहागंजच्या मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर बदलला, पाइप तपासले, प्रेशरचा काटा लावला. "काटा तो बराबर बता रा बाजी," ते म्हणाले. गॅरेजात उभी असताना प्रेशर ठणठणीत, घाटात मात्र बोंब. मग त्यांनी नाइलाजानं, "पंप गया होंगा, खोलना पडेंगा," असं सांगितलं आणि त्याचा खर्च ऐकून दीपकनं गिऱ्हाईक शोधलं. मजा म्हणजे, डिझेल भरलं की पुढं बराच वेळ गाडी झकास पळायची. यावर दीपकचं संशोधन एका वाक्याचं होतं. "हावरट हाय. टाकी फुल्लच लागती तिला."

सकाळी पुंडलिकनगरातल्या घरून उजाडताच निघालो. मागच्या सीटवर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. येता का, असं विचारायच्या आत त्या चपला घालून गाडीत जाऊन बसल्या होत्या. वाटेत मी डिझेल भरू म्हटलं, तर दीपक म्हणाला, "गिऱ्हाइकाला फुकट डिझेल कशाला पाजायचं?" एवढा हिशेबी माणूस मला पदरात पडला आहे.

तुम्ही जाणार असाल तर छावणी, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद असा सरळ रस्ता आहे. लवकर निघा. दौलताबादच्या घाटात जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते आणि वेरूळच्या बसा सुरू झाल्या की तिथं नुसती भांडणं ऐकत बसावं लागतं. याच घाटात आमच्या गाडीनं पहिली उचकी दिली. मी सीताफळं घ्यायच्या निमित्तानं थांबले. सीताफळं उत्तम होती, विकणारी बाई मात्र भावात तसूभर हलली नाही. थोडं थांबल्यावर गाडी पुन्हा चालू लागली. खुलताबादला पोहे आणि चहा झाला. तिघांचं मिळून दोनशेच्या आत भागलं, पोटही भरलं. पोह्यांवर तर्री मागा, नुसते खाऊ नका.

खुलताबादहून म्हैसमाळचा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना हिरवं असं दाटलेलं, की बघत राहावं. मला बघता आलं नाही. माझे डोळे पुढच्या वळणावर आणि कान इंजिनावर. शेवटच्या मोठ्या चढावर गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली. दीपक खाली उतरून बाह्या सारू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही सहन होत नाही.

मी मिस्त्रींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, "बोनट खोलके वो काला फुग्गा दबाओ." डिझेलच्या पाइपवर हातानं दाबायचा एक रबरी पंप असतो, तो. मी दाबला. तो चपटा झाला आणि तसाच राहिला, परत वर येईना. मिस्त्री म्हणाले, "मतलब पीछे से डिझेल आराच नै." तेवढ्यात रेंज गेली.

मागं म्हणजे टाकी. टाकी अर्धी भरलेली होती, डिझेलचा काटा खोटं बोलत नव्हता. मग मला दीपकचं ते संशोधन आठवलं. भरलं की पळते. पण भरताना आपण डिझेल ओतण्याआधी आणखी एक गोष्ट करतो. झाकण उघडतो. मी मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीनं सूंऽऽ करून एवढी हवा ओढली, की मी दचकलेच. पुढून दीपक म्हणाला, "अगं, फुग्गा वर आला."

ताकाची पिशवी स्ट्रॉनं ओढली की चपटी होते ना, अगदी तसं. डिझेल बाहेर जात होतं, पण त्याच्या जागी हवा आत यायला वाटच नव्हती. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. आमच्या झाकणाचं ते भोक राखाडी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, गुळगुळीत बुजवलेलं होतं.

ती लांबी आम्ही दोघांनीही ओळखली. आमच्या शहरात नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा येतं. त्यामुळं घरोघरी टाक्या, पिंपं आणि गळती बुजवायची, दोन रंगांचे गोळे मळून लावायची लांबी असते. आत्यांना घरात कुठंही भोक दिसलं की करमत नाही. दीपक रस्त्यातच खाली बसून हसला. "आई, लई भारी काम केलंस." आत्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला काय ठावं, ते पायजेल आसतं म्हणून."

मी केसातल्या पिनेनं भोक कोरलं आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये म्हैसमाळवर गेली. वरून दिसणारी दरी बघा, गिरिजादेवीचं दर्शन घ्या, कणीस खा. मी तिन्ही गोष्टी केल्या आणि दीपकला दर पाच मिनिटांनी पैजेची आठवण करून दिली. त्यानं हरलो असं काही म्हटलं नाही. उतरताना म्हणाला, "आता तर भाव चांगला येईल." माझं डोकंच फिरलं. घरापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

घरी दीपक गिऱ्हाइकाला फोन करायला अंगणात गेला. आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "मनीषा, मी ते चुकून नाय बुजवलं. डिझेलच्या वासानं मागं बसून मला मळमळायचं. वेरूळला जाताना दीपक म्हणला, आईला सोसत नाय, घरीच राहू दे. मग पुढं सगळीकडं तुम्ही दोघंच. म्हणून वास यायचं ते भोकच बुजवलं."

मला फार वाईट वाटलं. वास येत नाही असं नवं झाकण उद्याच आणू, असं मी म्हणाले. मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "आणि विकलीच, तर नवीन गाडीत वास नसतो, आत्या."

"नव्या गाडीत मला न्यालच कशावरून? घरी ठिवायची सवय लागली की कारण लागत नाय."

दारात दीपक उभा होता. फोन कानालाच होता आणि पलीकडून गिऱ्हाईक हॅलो हॅलो करत होतं.  तो फोनवर म्हणाला, "नाय हो, द्यायची नाय. गाडी आमच्या आईची हाय."